तुटीचा धनी

"अंगठ्याला काय झालं गं?"

"भाजी चिरताना लागलं."

"हळद लाव," अण्णा म्हणाले आणि पुन्हा गाडीच्या दारात वाकले.

रविवार होता, नऊ वाजून गेले होते. घरासमोरच्या शेवग्याखाली माझी पांढरी गाडी उभी होती. तिचं डावीकडचं पुढचं दार सताड उघडं होतं आणि समोर पाट टाकून अण्णा बसले होते. अंगात बंडी, चष्म्याला मागून बांधलेली काळी नाडी. आदल्या आठवड्यात ते तीन दिवस अंथरुणातून उठले नव्हते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, दुखणं असं काही नाही, वय आहे, मन रमेल असं बघा. त्या सकाळी चहा देताना मी नुसतं म्हटलं, "अण्णा, दार परत खडखडायला लागलंय," तसे ते अर्धा कप तिथंच ठेवून उठले. हत्यारांची पेटी स्वतः उचलून आणली. मला हात लावू दिला नाही.

मी पायरीवर बसून शेंगा सोलत होते.

सांगलीत स्टँडच्या मागं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान होतं. एकोणचाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या आतलं काम केलं. सीटा, छताचं कापड, दारांची पॅडं. नाव झालं ते मात्र लॉकांमुळं. गाडीच्या दाराला आतून जे प्लास्टिकचं पॅड असतं, ते पत्र्याला धरून ठेवायला त्याच्या पाठीवरच्या लहान बैठकांत बोटाच्या पेराएवढ्या क्लिपा बसवलेल्या असतात. त्यांना आमच्याकडं लॉक म्हणतात. लॉक तुटलं की पॅड ढिलं पडतं आणि खड्डा आला की दार थंडी भरलेल्या माणसाच्या दातांसारखं वाजतं. बाकीचे कारागीर सांगायचे, पॅडच बदला. अण्णा तुटलेलं उभं करायचे. रस्ता रुंद झाला त्यात दुकान गेलं तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. आई त्याआधीच गेली होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, दहा ते सहा. घरात दिवसभर ते एकटे, खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले. गल्लीतून एखादी गाडी वाजत गेली की म्हणायचे, "मागचं दार. दोन लॉकं."

"हेमा, इकडं ये."

आवाज वेगळा होता. मी सूप खाली ठेवलं.

पॅड काढून त्यांनी पोत्यावर पालथं घातलं होतं.

"बघ."

"तुटलीत."

"तुटलीत ते आंधळ्यालाबी दिसंल. कशी तुटलीत ते बघ." त्यांनी माझं बोट धरून पॅडच्या पाठीवरून फिरवलं. "उन्हानं लॉक तुटतं ना, ते वाळल्या काडीसारखं तुटतं. आधी तडा जातो, तड्यात धूळ बसते, मग एक दिवस जातं. तुटल्या जागी मळकं दिसतं. हे बघ, पांढरं फटक. ओढून तोडलंय. तिन्ही लॉकं बैठकीसकट उपटलीत. आणि ही कड." पॅडच्या कडेला नखाएवढी खाच होती. "स्क्रू-ड्रायव्हर घातलाय. उभ्या जन्मात मी पॅडला लोखंड लावलं नाही."

मी बोट सोडवून घेतलं.

"शुक्रवारी हणमंताकडनं आली ना गाडी?"

"हो. काचेची मोटर बदलली त्यानं."

"म्हणजे पॅड त्यानं उघडलं."

"तो कशाला लोखंड लावेल अण्णा? तुमच्या हाताखाली शिकलाय."

"मग कोण? मांजर आलतं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन?"

"कशानं का होईना. तुम्ही नीट करताय ना? मग सोडा."

"सोडू?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पट्टी कुणाला दिलीया मी?"

हणमंत माने बावीस वर्षं अण्णांच्या दुकानात होता. आता मिरज रोडला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. अण्णांकडं शिकलेले सगळेच पुढं आपापल्या वाटेनं गेले, पण खंडेनवमीला न चुकता यायचे. आपापली हत्यारं अण्णांच्या हत्यारांशेजारी मांडायचे, मग पूजा. दुकान बंद झालं त्या वर्षी पूजेनंतर अण्णांनी सगळ्यांदेखत आपली शिसवी पट्टी हणमंताच्या हातात ठेवली. वीतभर लांब, एका टोकाला जिभेसारखी पातळ, हाताच्या तेलानं काळी झालेली. त्या पट्टीनं पॅड उचललं की लॉक तुटत नसे. बबन पोळ हणमंताच्याही आधी शिकायला आलेला. पट्टी आपल्याला मिळणार असं तो धरून चालला होता. त्या दिवशी तो जेवायला थांबला नव्हता.

"फोन लाव हणमंताला," अण्णा म्हणाले. "बबनलाबी बोलाव. दोघंबी बघू देत."

"रविवार आहे अण्णा. उद्या बघू."

"लाव म्हणतोय ना."

मी फोन लावला.

दुकानात अण्णांचा एक नियम होता. शेवटचा हात ज्याचा, तूट त्याची. गाडी तुमच्याकडून गेली आणि काही तुटलेलं निघालं तर वाद घालायचा नाही, तूट माझी म्हणायचं आणि नीट करून द्यायचं. आणि पॅड परत बसवण्याआधी त्याच्या पाठीवर सुतारी पेन्सिलीनं तारीख घालून तूट कुणाची ते लिहायचं. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढं केव्हातरी ते पॅड उघडणाऱ्या कारागिराला दिसतं. त्याला अण्णा तुटीचा धनी म्हणायचे. माझ्या गाडीच्या त्या पॅडवर त्यांच्या हातच्या दोन ओळी आधीच होत्या. दोन्ही तारखांपुढं एकच शब्द होता. ऊन.

अर्ध्या तासात दोघं बबनच्या स्कूटरवरून आले.

"काय वस्ताद, रविवारीबी दुकान मांडलं?" बबन लांबूनच हसत म्हणाला. "ताईंच्या गाडीनं तुम्हाला पेन्शनच लावून दिलीया म्हणा की. आम्ही म्हातारं झालो की आमच्या पोरी अशी गाडी घेतील का नाही कुणास ठाऊक."

अण्णा हसले नाहीत. "हणमंता, बस. हे बघ."

हणमंत पोत्यासमोर उकिडवा बसला. कितीतरी वेळ तो पॅडकडं बघत राहिला. कडेच्या खाचेत त्यानं नख घालून पाहिलं. मग मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्याकडं नाही, हाताकडं. मी अंगठा पदराखाली घेतला.

"शेवटचा हात कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"माझा."

"बसवलंस तेव्हा लॉकं कशी होती?"

"आठच्या आठ नवी घातलीवती, वस्ताद. घट्ट."

"मग ही कुणी तोडली?"

हणमंत पॅडच्या कडेची धूळ बोटानं पुसत राहिला.

"गॅरेजातल्या कुणीतरी हात मारला असंल," बबन म्हणाला.

"तुला विचारलं का? हणमंता, लोखंड लावलंस?"

"तूट माझी, वस्ताद."

"लोखंड लावलंस का, ते विचारतोय."

"तूट माझी म्हणलं की."

शेवग्यावर कुठंतरी खार ओरडत होती. मला वाटलं, आता. आता बोललं पाहिजे.

"पट्टी आणलीस?" अण्णा म्हणाले.

हणमंतानं मागच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली पट्टी काढली. कामाला असो नसो, तो ती बरोबर ठेवायचा.

"ठेव तिथं."

त्यानं ती पाटावर ठेवली. मग वाकून अण्णांच्या पायाला हात लावायला गेला. अण्णांनी पाय आवरून घेतले.

फाटकापर्यंत मी त्याच्यामागून गेले. बबन स्कूटर चालू करत होता. हणमंत वळला आणि मला वाटलं, तो विचारणार.

"ताई, बाराच्या आत त्यांना सावलीत घ्या," एवढंच तो म्हणाला. "काम हातात असलं की उठत नाहीत."

ती तूट माझी होती.

शनिवारी संध्याकाळी अण्णा आत अंथरुणावर पडले असताना मी गाडीत बसून ती केली होती. आणि ती पहिली नव्हती. दीड वर्षापूर्वी त्याच दाराचं एक लॉक खरोखरच उन्हानं गेलं होतं. अण्णांनी ते दोन दिवस पुरवून पुरवून दुरुस्त केलं, आणि त्या दोन दिवसांत ते दोन-दोन भाकरी जेवले, दाढी केली, मला दुकानातले जुने किस्से सांगितले. पुढं ते परत खिडकीशी जाऊन बसले, तेव्हा मी स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं घेतलं आणि त्याच दारात घालून दाबलं. त्यानंतर मागची दारं, डिकी. दर दीड-दोन महिन्यांनी एखादं. उलथन्याची खूण उमटत नाही, आणि लॉकं जुनी असल्यामुळं तूट उन्हाचीच वाटायची. तारीख घालून अण्णा लिहायचे, ऊन.

त्या शनिवारी उलथनं चाललं नाही. हणमंतानं लॉकं इतकी चोख बसवली होती की पॅड तसूभर हललं नाही. मी आतून स्क्रू-ड्रायव्हर आणला. तो सटकून अंगठ्यात घुसला आणि त्याच झटक्यात तीन बैठका उपटल्या.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोलले असते तर दीड वर्षातली प्रत्येक दुरुस्ती मी त्यांना खेळायला दिलेलं खेळणं ठरली असती. दुसरं काही त्यांच्याजवळ उरलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, हणमंत समजूतदार आहे. चार दिवसांत अण्णा निवळतील, मग बघू.

दुपारी जेवून ते परत कामाला बसले. मी अंगणात मोढा घेऊन पुस्तक उघडलं, पण बघत त्यांच्याकडंच होते. जुन्या चहागाळणीची जाळी त्यांनी कात्रीनं कापली, नखाएवढे तीन तुकडे. या जातीच्या प्लास्टिकला डिंक धरत नाही, वितळवूनच सांधावं लागतं. पेटीतून एका मोडक्या पॅडची चिपटी काढून त्यांनी ती काडीनं पेटवली, विझवली आणि धूर हुंगला.

"मेणबत्तीचा वास आला की आपल्या जातीचं," ते म्हणाले. हे ते दर वेळी सांगायचे, आणि दर वेळी मी हो म्हणायचे.

एरवी त्यांचा हात कापायचा. कपातला चहा बशीत सांडायचा. पण सोल्डरची कांडी तापली आणि तिचं टोक प्लास्टिकला टेकलं की हात थांबायचा. तुटलेली बैठक जागेवर बसवायची, तिच्या कडेनं जाळी ठेवायची, वरून सोल्डर दाबून जाळी आत बुडवायची, मग त्यावर चिपटी वितळवून लिंपायची. तीन बैठकांना तीन तास लागले.

दुसरी झाल्यावर ते मान वर न करता म्हणाले, "काल गाडी कुठं नेलीवतीस?"

"नाही. इथंच होती."

"शुक्रवारी आणल्यावर?"

"आणून लावली ती लावली."

"हं."

ते पुढं काम करत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पेन्सिल मागितली. मी पेटीतून काढून दिली आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ते पॅड दाराला लावत होते. तळहातानं ठोकत एकेक लॉक बसवत होते आणि प्रत्येक टक ऐकायला थांबत होते. आठ झाल्यावर त्यांनी दार जोरात आपटलं. आवाज कोरा आला.

"हात दाखव," ते म्हणाले.

"कशाला?"

"दाखव."

त्यांनी अंगठ्याची चिकटपट्टी सोडवली. जखम बघितली. आत जाऊन हळद आणली आणि स्वतः लावली. "भाजी जपून चिरत जा," म्हणाले. मग हात धुता धुता, "उद्या सकाळी हणमंताकडं जायचंय. गाडी काढ."

"अजून काय बोलायचं राहिलंय त्याला?" मी चिडले होते. दिवसभराचं साठलेलं त्यांच्यावर निघालं. "पाय ओढून घेतलेत, पट्टी घेतलीत. आता गॅरेजवर जाऊन चारचौघांत करायचंय का?"

"राहिलंय," ते म्हणाले.

रात्री जेवताना मी ताटातून मान वर काढली नाही. मला वाटत होतं, म्हातारपणी माणूस काय दुष्ट होतो.

सोमवारी सकाळी ते माझ्याआधी उठले होते. आंघोळ, पांढरा सदरा, टोपी. सातलाच व्हरांड्यात खुर्चीवर जाऊन बसले.

"इतक्या लवकर कुठलं गॅरेज उघडतं अण्णा?" मी आतून म्हटलं. "चहा तरी घ्या." मी मुद्दाम वेळ काढत होते. आधी कणीक मळली, मग पाणी भरलं. चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा त्यांची मान एका बाजूला कलली होती. पायात चपला होत्या. उजवीचा पट्टा नीट लावलेला, डावीचा राहिला होता.

सदरा बदलताना खिशात शिसवी पट्टी सापडली. परत मिळवलेली वस्तू लहान मुलानं उशाशी घेऊन झोपावं तशी त्यांनी ती जवळ ठेवली, असं मला त्या वेळी वाटलं. मी ती कपाटात टाकली.

बारा वाजेपर्यंत सगळे शिष्य जमले. हणमंत आला तो कामाच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस. तिरडी उचलायच्या वेळी तो पुढं झाला आणि बबननं त्याच्या छातीवर हात ठेवला.

"तू मागं हो."

"बबन, खांदा देतोय फक्त."

"काल पट्टी काढून घेतली वस्तादांनी तुझ्याकडनं. माझ्यासमोर. पायाला हात लावू दिला नाही. आणि आज खांदा? थोडी तरी लाज ठेव."

वीस-पंचवीस माणसं होती. हणमंतानं बबनकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं.

मी वाकून अण्णांच्या छातीवरचा हार सरळ केला.

बाकीच्यांनी तिरडी उचलली. हणमंत फाटकाबाहेर बाजूला उभा राहिला आणि सगळे पुढं गेल्यावर मागून चालत गेला. स्मशानापर्यंत तो तसाच, दहा पावलं मागं, चालत गेल्याचं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

आदल्या दिवशीचं गप्प बसणं अण्णांसाठी होतं. हे माझ्यासाठी.

पुढची आठ वर्षं दर खंडेनवमीला बबनचा फोन यायचा. "ताई, पट्टी घेऊन या." वस्तादांचा फोटो आणि हत्यारांची पूजा आता त्याच्या सीट-कव्हरच्या दुकानात व्हायची. मी जायचे. पट्टी चौरंगावर ठेवायची, आरती व्हायची, मला मानानं पहिला पेढा मिळायचा, पट्टी घेऊन मी घरी यायचे. हणमंताला बोलावणं नसे. सांगलीतल्या गॅरेजांतून, दुकानांतून एक वाक्य कायम झालं होतं, वस्तादांनी पट्टी काढून घेतलेला. त्याच्याकडं आतलं काम कुणी देईना. तो वायरिंग आणि मोटरा एवढंच करायला लागला. मी माझी गाडीही त्याच्याकडं नेत नव्हते. कुठल्या तोंडानं नेणार होते?

ते दार आठ वर्षांत एकदाही वाजलं नाही.

या वर्षी दसऱ्याच्या आधी त्या दाराची काच अर्ध्यावर अडकली. गाडी विकायची ठरवली होती. विकत घेणारा म्हणाला, तेवढी काच करून द्या. मी मेकॅनिकला फोन करणार होते. मग काय वाटलं कोण जाणे, कपाटातून पट्टी काढली, पाट घेतला आणि शेवग्याखाली जाऊन बसले. स्क्रू काढले. पट्टीची जीभ कडेला लावली आणि अण्णा लावायचे तशी हळूहळू पुढं सरकवत नेली. एकही लॉक तुटलं नाही. पॅड आपणहून दिल्यासारखं हातात आलं.

मी ते पालथं केलं.

तीन बैठकांभोवती लिंपलेलं प्लास्टिक, त्यात जाळीचे बारीक चौकोन. बाजूला पेन्सिलीच्या तीन ओळी. वरच्या दोन ओळींतला 'ऊन' हा शब्द एका आडव्या रेघेनं खोडला होता. एक त्यातलं खरोखर उन्हाचं होतं, पण दोन्ही खोडले होते. प्रत्येकापुढं, अण्णांच्या कापऱ्या नव्हे, कामातल्या ठाम अक्षरात लिहिलं होतं: हेमा. खालची तिसरी ओळ त्या रविवारच्या तारखेची. तिच्यापुढंही हेमा.

मी मान वर केली तेव्हा ऊन पायरीवरून अंगणात उतरलं होतं. अण्णांचा जो समज जपायला मी गप्प बसले, तो त्याच दुपारी गेला होता, मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात. आणि ते त्याबद्दल एक शब्द न बोलता माझ्या अंगठ्याला हळद लावत बसले होते. सकाळी चपला घालून, पट्टी खिशात टाकून ते कुठं निघाले होते, तेही मला आठ वर्षांनी कळलं. मी कणीक मळत होते.

खंडेनवमीला सकाळी पॅड आणि पट्टी घेऊन मी रिक्षानं मिरज रोडला गेले. हणमंत गॅरेजात एकटाच होता. पत्र्याच्या टेबलावर पक्कड, पाने, मल्टीमीटर मांडून झेंडू वाहत होता. दाढी पांढरी झाली होती.

"या ताई," तो म्हणाला, जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेले होते.

मी पॅड टेबलावर पालथं ठेवलं. त्यानं चष्मा लावला. वाचलं. बोटानं एकेक बैठक चाचपली.

"काय काम होतं म्हातार्‍याचं," तो म्हणाला. "बघा, आजून हलत न्हाई."

"हणमंत, मला सांगायचंय..."

"मला ठाऊक हाय, ताई. अंगठा बघितलावता की त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर वस्ताद दुसऱ्या दिवसापासनं करणार काय होते?" त्यानं पॅड उचलून माझ्याकडं सरकवलं. "तुम्ही त्यांच्यासाठी करताय हे कळत होतं. मला वाटलं, चार दिवस शिव्या खाऊ. वस्तादांच्याच तर हायत."

"मी चुकले."

"त्या दिवशी न्हाई चुकला तुम्ही." त्यानं चष्मा काढला. "खांद्याच्या वेळी मात्र वाटलं, आता तरी ताई बोलतील. आता तर वस्ताद न्हाईत. आता कुणाचं काय जातंय?"

मी पट्टी पुढं केली. "ही तुझी आहे. ते तुला द्यायलाच निघाले होते."

त्यानं ती हातात घेतली. उलटीपालटी करून बघितली, अंगठा जिभेवरून फिरवला. मग परत माझ्या हातात ठेवली.

"आता प्लास्टिकच्या मिळत्यात, ताई. दुकानात. आणि पॅडाचं काम माझ्याकडं येतंय कुठं?"

"बबनकडं पूजा आहे. माझ्याबरोबर चल. सगळ्यांसमोर सांगते."

"तुम्ही सांगा. मी न्हाई येत." त्यानं काडेपेटी उचलली आणि उदबत्ती पेटवायला माझ्याकडं पाठ केली. "त्या माणसांत बसायचं राहिलं न्हाई आता मला."

बबनच्या दुकानात पंधरा-सोळा जण जमले होते. फोटोला मोठा हार होता. तबक तयार होतं, निरांजन लागलं होतं.

"ताई आल्या! पट्टी द्या, तुमच्यासाठीच थांबलोय," बबन म्हणाला. मग त्याचं लक्ष पॅडकडं गेलं. "हे काय आणलंय? यंदा ताईंनी दारच उपटून आणलं!"

दोघं-तिघं हसले. मी पुढं जाऊन चौरंगावरची हत्यारं बाजूला सारली आणि पॅड फोटोसमोर ठेवलं. पाठ वर करून.

"ताई, आरती होऊ दे. मग निवांत बोलू."

"नाही बबन. आरतीच्या आधी. वाच ते."

तो वाकला. त्याला वाचायला वेळ लागला. मागचे पुढं सरकले. कुणीतरी घंटी खाली ठेवली.

"हे वस्तादांचं अक्षर," बबन म्हणाला. "म्हणजे काय, ताई?"

अंगठ्यावर तो जुना वण होता, मी दुसऱ्या हातानं तो दाबून धरला होता. हात सोडला.

"हणमंतानं पॅडला लोखंड लावलं नव्हतं. ती लॉकं मी तोडली होती. अण्णांना काम मिळावं म्हणून दीड वर्षं तोडत होते. आणि ज्या दिवशी तू त्याला खांदा देऊ दिला नाहीस, त्या दिवशी मी तिथं चार हातांवर उभी होते, मला सगळं माहीत होतं, आणि मी गप्प बसले."